चाळीस किलोमीटर खोल कारण : गडचिरोलीला जाणवलेला भूकंप आणि आपली विवेकदृष्टी

४ डिसेंबर २०२४ रोजी सकाळी ७ वाजून २७ मिनिटांनी तेलंगणातील मुलुगू जिल्ह्यात ५.३ तीव्रतेचा भूकंप झाला. राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्राने त्याची खोली ४० किलोमीटर नोंदवली. हैदराबाद आणि विजयवाडापर्यंत त्याचे हादरे जाणवले. महाराष्ट्रात गडचिरोली आणि चंद्रपूर जिल्ह्यांत जमीन हलली आणि नागपूरच्या काही भागांतही सौम्य धक्का बसला. मोठी हानी झाली नाही.

हानी झाली नाही म्हणून विषय संपत नाही. आपल्या भागात भूकंप होतच नाहीत असे मानत आलेल्या लोकांना तो नवा होता. अशा वेळी माहितीच्या आधी अफवा पोहोचते. कोणी देवीचा कोप म्हणतो, कोणी पाप वाढल्याचे सांगतो, कोणी 'आज रात्री मोठा धक्का येणार' असा संदेश पुढे पाठवतो. वडसा-देसाईगंजपासून सिरोंचापर्यंत गावोगावी काम करणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांच्या हाताशी खरी माहिती असावी, म्हणून हा लेख आम्ही देत आहोत.

खोली का महत्त्वाची?

भूकंपाच्या बातमीत आपण पहिला आकडा पाहतो तो तीव्रतेचा. दुसरा आकडा, म्हणजे खोलीचा, सहसा कोणी वाचत नाही. प्रत्यक्षात घरावर काय परिणाम होणार, हे दोन्ही मिळून ठरवतात.

जमिनीखाली ज्या ठिकाणी खडक सरकतो त्याला भूकंपाची नाभी म्हणतात. तिच्या बरोबर वर जमिनीवर असलेली जागा म्हणजे केंद्रबिंदू. नाभी ४० किलोमीटर खोल असेल, तर केंद्रबिंदूवर उभा असलेला माणूसही तिच्यापासून ४० किलोमीटर दूर असतो. लहरी तेवढे अंतर कापून वर येईपर्यंत त्यांचा जोर कमी होतो. मात्र त्या लांबवर पसरतात. म्हणून खोल भूकंप पुष्कळ जिल्ह्यांत जाणवतो, पण एकाच गावाला सहसा जमीनदोस्त करत नाही. उथळ भूकंपाचे उलट असते. त्याचा पल्ला लहान, पण जवळच्या गावांवर मार मोठा.

तीव्रतेचा आकडाही फसवा आहे. तो एकने वाढला की मुक्त होणारी ऊर्जा सुमारे ३२ पट होते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला झालेला भूकंप ६.२ तीव्रतेचा होता. मुलुगूच्या ५.३ पेक्षा तो आकड्याने एकाहूनही कमी अंतरावर असला, तरी ऊर्जा वीस पटींहून अधिक होती. शिवाय त्याची नाभी जमिनीखाली फार तर दहाएक किलोमीटरवर होती. सुमारे दहा हजार माणसे गेली.

शास्त्रज्ञ ४ ते ४.९ तीव्रतेच्या भूकंपाला हलका आणि ५ ते ५.९ च्या भूकंपाला मध्यम म्हणतात. त्याच २०२४ साली २१ मार्च आणि १० जुलैला हिंगोली भागात ४.५ तीव्रतेचे दोन भूकंप झाले. दोन्हींची नोंदलेली खोली १० किलोमीटर होती. म्हणजे हिंगोलीचे भूकंप हलके आणि उथळ होते, तर मुलुगूचा मध्यम आणि आपल्या भागाच्या मानाने खोल.

वडशापासून त्या केंद्रबिंदूचे सरळ रेषेतील अंतर साधारण २४५ किलोमीटर आहे. सिरोंचापासून ते पन्नास-पंचावन्न किलोमीटरच भरते. भूकंपाच्या पहिल्या, म्हणजे प्राथमिक लहरी भूकवचातून सेकंदाला सहा-सात किलोमीटर वेगाने जातात. जास्त हलवणाऱ्या दुय्यम लहरी साडेतीन-चार किलोमीटर वेगाने येतात. या हिशेबाने वडशाला पहिली लहर पोहोचायला सुमारे ४० सेकंद लागतात आणि दुसरी सव्वा मिनिटाच्या आत येते. जमीन हलली ती आपल्या पायाखालच्या कारणाने नव्हे, तर दुसऱ्या राज्यातल्या, एक मिनिटापूर्वीच्या घटनेने.

जगातले खरे खोल भूकंप

'आपल्या भागाच्या मानाने खोल' असे आम्ही म्हटले, त्याला कारण आहे. जगाच्या हिशेबात ७० किलोमीटरपर्यंतचा भूकंप उथळच धरतात. ७० ते ३०० मध्यम खोल आणि ३०० ते ७०० खोल. एवढ्या खोलवर भूकंप होतात हे जपानी शास्त्रज्ञ कियो वादाती यांनी १९२० च्या दशकात दाखवून दिले.

असे भूकंप मुख्यतः जिथे एक भूपट्ट दुसऱ्याच्या खाली शिरतो तिथे होतात. पृथ्वीचे कवच एकसंध नाही. ते मोठमोठ्या पट्टांचे बनले आहे. समुद्राखालचा जड, थंड पट्ट शेजारच्या पट्टाखाली तिरपा घुसत जातो, वाकतो आणि आत खोलवर तुटतो. जपान, इंडोनेशिया, फिजी-टोंगा, दक्षिण अमेरिकेचा पश्चिम किनारा ही अशी ठिकाणे. तिथे चार-साडेचार तीव्रतेचे खोल धक्के नेहमीचेच आहेत. यंत्रावर ते उमटतात, माणसांना बहुतेक वेळा कळतही नाहीत.

आपण ज्या भारतीय पट्टावर राहतो, तोही पूर्वेला असाच खाली जातो. अंदमान-सुमात्राच्या बाजूला तो ब्रह्मी पट्टाखाली शिरतो. २६ डिसेंबर २००४ ची त्सुनामी त्याच सीमेवरच्या ९.१ तीव्रतेच्या भूकंपातून उठली. म्यानमारखालीही भारतीय पट्टाचा बुडालेला भाग आहे. २४ ऑगस्ट २०१६ रोजी तिथे ६.८ तीव्रतेचा भूकंप झाला, खोली ८४ किलोमीटर. बागान या प्राचीन बौद्ध नगरीतील सुमारे चारशे स्तूप-मंदिरांना इजा झाली, पण मृतांची संख्या हाताच्या बोटांवर मोजण्याएवढी राहिली. २८ मार्च २०२५ रोजी त्याच देशात सगाईंग भ्रंशावर ७.७ तीव्रतेचा भूकंप झाला. तो होता अवघा १० किलोमीटर खोल, मंडालेच्या शेजारी. तीन हजारांहून अधिक लोक मेले. या भूकंपाची तीव्रता मोठी होतीच, पण उथळपणा आणि शहराचे सान्निध्य यांनी संहार वाढवला.

मग गडचिरोलीची जमीन का हलते?

गडचिरोली-चंद्रपूरखाली कुठलाही पट्ट दुसऱ्याखाली शिरत नाही. आपण पट्टाच्या काठावर नसून मधोमध आहोत. तरी भूकंप होतो, कारण हा मधला भागही जुन्या भेगांनी भरलेला आहे.

वडशाजवळून वाहणारी वैनगंगा पुढे वर्धेला मिळते, दोघींची प्राणहिता होते आणि ती सिरोंचाजवळ गोदावरीत जाते. या प्राणहिता-गोदावरी खोऱ्याखाली कोट्यवधी वर्षांपूर्वी जमीन ताणली जाऊन खचली. पूर्वेला बस्तरचा आणि पश्चिमेला धारवाडचा अतिप्राचीन खडक, आणि मधे ही लांबट खचदरी. तिच्यात गाळ आणि वनस्पती साचत गेल्या. चंद्रपूर-बल्लारपूरचा आणि पलीकडे सिंगरेणीचा कोळसा त्यातूनच आला. सिरोंचा परिसरातले जीवाश्मही याच थरांतले. या खोऱ्यात सापडलेल्या एका महाकाय डायनासोरला रवींद्रनाथ टागोरांच्या नावावरून 'बारापासॉरस टागोरी' हे नाव देण्यात आले.

खचदरीच्या काठाचे भ्रंश आजही मेलेले नाहीत. भारतीय पट्ट दरवर्षी सुमारे पाच सेंटिमीटर उत्तरेकडे सरकतो आणि हिमालयापाशी अडतो. तो दाब सगळ्या द्वीपकल्पात पसरतो आणि जुनी, कमजोर जागा कधी तरी सरकते. १३ एप्रिल १९६९ रोजी याच खोऱ्यात भद्राचलमला ५.७ तीव्रतेचा भूकंप झाला होता. मुलुगूचा धक्का त्याच पट्ट्यातला.

आपल्याकडे भूकवचाची जाडी साधारण ३५ ते ४० किलोमीटर आहे. म्हणजे ४० किलोमीटरवरची नाभी कवचाच्या तळाजवळची. बऱ्याच ठिकाणी एवढ्या खोलीवर खडक उष्णतेने मऊ पडतो आणि न तुटता वाकतो. प्राचीन, थंड भूखंडाखाली मात्र तो तिथेही कठीण राहू शकतो. २२ मे १९९७ चा जबलपूरचा ५.८ तीव्रतेचा भूकंपही सुमारे ३५ किलोमीटर खोल होता.

'आमचा भाग सुरक्षित' हा समज किल्लारीने एकदा मोडला आहे. १९९३ पूर्वी तो भाग सर्वांत कमी धोक्याच्या झोन १ मध्ये होता. पुढे २००२ च्या नकाशात झोन १ च रद्द झाला. गोदावरी खचदरीचा पट्टा त्या नकाशात झोन ३, म्हणजे मध्यम धोक्याचा आहे. भूकंप येणार असे यातून सिद्ध होत नाही. घर बांधताना तो गृहीत धरायचा, एवढाच त्याचा अर्थ.

आणखी एक प्रश्न आपल्या भागात हमखास विचारला जातो : हे कोळसा खाणींतल्या सुरुंगांमुळे झाले का? मेडीगड्डा बंधाऱ्यामुळे झाले का? धरणाच्या पाण्याने भूकंप घडू शकतात, कोयना हे त्याचे जगभर अभ्यासले गेलेले उदाहरण आहे. पण कोयनेचे भूकंप मुख्यतः वरच्या दहा-बारा किलोमीटरमधले आहेत. खाणीचा सुरुंग तर जमिनीच्या वरच्या सालीवरच होतो. ४० किलोमीटर खोलीचा भूकंप त्यांच्या माथी मारायला आधार लागेल, आणि खोलीचा आकडा त्या बाजूने बोलत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये मेडीगड्डा बंधाऱ्याचे खांब खचले, ही मात्र वस्तुस्थिती आहे. बंधाऱ्याच्या सुरक्षिततेचा जाब जरूर विचारावा. तो प्रश्न स्वतःच्या पायावर उभा आहे, त्याला भूकंपाची टेकू लावण्याची गरज नाही.

महापरिनिब्बान सुत्तातला भूकंप

बौद्ध वाङ्मयात भूकंपाचा एक प्रसिद्ध प्रसंग आहे. वैशालीच्या चापाल चेतियापाशी तथागत आपला आयुसंस्कार सोडतात, पृथ्वी कंप पावते आणि आनंद त्याचे कारण विचारतो. उत्तरात आठ कारणे येतात. पहिले निसर्गातले आहे : पृथ्वी पाण्यावर, पाणी वाऱ्यावर, वारा आकाशात आधारलेला आहे, आणि मोठा वारा सुटला की पाणी हलते, पाणी हलले की पृथ्वी. दुसरे ऋद्धिमान व्यक्तीचे. उरलेली सहा बोधिसत्त्व आणि बुद्धांच्या जीवनातील प्रसंगांशी जोडलेली आहेत : गर्भप्रवेश, जन्म, संबोधी, धम्मचक्रप्रवर्तन, आयुसंस्काराचा त्याग आणि महापरिनिर्वाण.

हा उतारा पुढे करून 'बुद्धांनी अडीच हजार वर्षांपूर्वीच भूकंपाचे विज्ञान सांगितले' असे म्हणणे योग्य नाही. पृथ्वी पाण्यावर तरंगत नाही. पुराणात विमान शोधणाऱ्यांना आपण हसतो, मग तोच खेळ आपण करू नये. आठांपैकी सहा कारणे श्रद्धेची भाषा बोलतात, हेही लपवण्याचे कारण नाही. लक्षात घेण्याजोगी गोष्ट वेगळी आहे. पहिल्या उत्तरात देवाचा कोप नाही, कोणाचे पाप नाही, कोणाला शिक्षा नाही. एक वस्तू हलते म्हणून दुसरी हलते, अशी कार्यकारणाची साखळी आहे. साखळीतले दुवे आजच्या ज्ञानाने बदलले, पण कारण शोधण्याची दिशा बदलली नाही.

बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात हीच कसोटी दिली. जे विवेकाला आणि तर्काला धरून आहे, ते बुद्धवचन म्हणून स्वीकारता येईल, अशी त्यांची भूमिका आहे. 'अ-धम्म' कशाला म्हणावे हे सांगताना अलौकिकावरील विश्वासाचा त्यांनी सर्वांत आधी समाचार घेतला. कारण आणि परिणाम जवळजवळ असले की माणसाला घटना सहज उलगडते. परिणामापासून कारण फार दूर असले की ते दिसत नाही आणि मग माणूस चमत्कार, दैवी शक्ती यांकडे वळतो, असे त्यांचे विश्लेषण आहे. त्यातून शोधक वृत्ती मरते, हा त्यांचा मुख्य आक्षेप.

भूकंपाला हे विश्लेषण तंतोतंत लागू पडते. कारण जमिनीखाली ४० किलोमीटरवर आणि केंद्रबिंदू अडीचशे किलोमीटर दूर. एवढ्या मोठ्या रिकाम्या जागेत अंगात येणारे, भविष्य सांगणारे आणि शांतीची पूजा विकणारे सहज शिरतात. ती जागा माहितीने भरणे हे आपले काम आहे.

१९३४ चा धडा

'चांगल्या' हेतूनेही या रिकाम्या जागेचा गैरवापर होतो. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहार-नेपाळला प्रचंड भूकंप झाला, दहा हजारांहून अधिक लोक मृत्युमुखी पडले. गांधीजींनी तो अस्पृश्यतेच्या पापाबद्दल ईश्वराने दिलेला दंड असल्याचे जाहीरपणे सांगितले. रवींद्रनाथ टागोरांनी त्यास लेखी हरकत घेतली. फेब्रुवारी १९३४ मध्ये ती 'हरिजन' मध्येच गांधीजींच्या उत्तरासह छापली गेली. नैसर्गिक उत्पाताची कारणे भौतिकच असतात, आणि असाच युक्तिवाद उलटवून सनातनी हा भूकंप गांधींच्याच चळवळीच्या माथी मारू शकतात, असे टागोरांचे म्हणणे होते.

आपल्या दृष्टीने यात आणखी एक गोष्ट आहे. दंड अस्पृश्यता पाळणाऱ्यांना असेल, तर ढिगाऱ्याखाली अस्पृश्य का मेले? अस्पृश्यता हा माणसाने माणसावर केलेला गुन्हा आहे. त्याला शिक्षा संविधान आणि कायदा देतो, भूकंप नाही. ईश्वरी न्यायावर हवाला ठेवला की मानवी न्यायाची मागणी ढिली पडते. आपल्या बाजूने बोलणारी अंधश्रद्धाही अंधश्रद्धाच असते, आणि ती नाकारण्याची सवय आपण स्वतःपासून लावून घ्यायला हवी.

जीव घेतात ते घराच्या भिंती

किल्लारीत माणसे मेली ती जाड दगड-मातीच्या भिंतींखाली आणि मातीच्या जड छपरांखाली. भूकंप सर्वांना सारखा हलवतो, पण सर्वांची घरे सारखी नसतात. गरिबाचे घर आधी पडते आणि उशिरा उभे राहते.

आपल्याकडे मातीच्या भिंती आणि कवेलूंची घरे अजून आहेत. त्यांच्या जोडीला घरकुले उभी राहत आहेत. अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठीच्या रमाई आवास योजनेतून आपल्या वस्त्यांत घरे होतात. अनुदान तुटपुंजे पडले की पहिली काटकसर सळईत आणि सिमेंटात होते. दारे-खिडक्यांवरून चारही भिंतींना बांधणारा अखंड काँक्रीटचा पट्टा, कोपऱ्यात उभी सळई आणि विटांच्या बांधकामाला पुरेसे पाणी, या तीन गोष्टींनी लहान घर खूप मजबूत होते. बांधकाम चालू असतानाच त्या तपासता येतात, गिलावा झाल्यावर नाही.

मदतीचा प्रश्नही जातीपासून सुटा नाही. २००१ चा भूजचा भूकंप आणि २००४ ची त्सुनामी, दोन्ही वेळी दलित कुटुंबांना मदत आणि निवाऱ्यात भेदभाव सोसावा लागल्याचे मानवी हक्क संघटनांनी नोंदवले आहे. पुढे आलेल्या आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ च्या कलम ६१ ने नुकसानभरपाई आणि मदत देताना लिंग, जात, समुदाय, वंश किंवा धर्माच्या आधारे भेदभाव करण्यास मनाई केली आहे. हे कलम प्रत्येक कार्यकर्त्याला तोंडपाठ असावे. भूकंपालाच नव्हे, वैनगंगेच्या पुरालाही ते तितकेच लागू आहे.

कार्यकर्त्यांसाठी

१. धक्का बसत असताना पळापळ करू नका. खाली बसा, टेबल किंवा पलंगाखाली डोके झाका आणि त्याला धरून राहा. उघड्यावर असाल तर भिंत, झाड आणि विजेच्या तारांपासून दूर राहा. मातीच्या घरात दाराजवळच असाल तर लगेच बाहेर पडा.

२. दिवाळीनंतर झाडीपट्टीत रात्रभर नाटके चालतात, वडसा हे तर त्यांचे केंद्र. मंडपात भूकंपापेक्षा चेंगराचेंगरी जास्त घातक. बाहेर पडायच्या वाटा मोकळ्या ठेवा आणि ध्वनिक्षेपकावरून शांत सूचना कोण देणार ते आधीच ठरवा. भीमजयंती आणि धम्म परिषदेच्या मंडपालाही हेच लागू.

३. धक्क्याची वेळ, तीव्रता, खोली राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्राच्या संकेतस्थळावर किंवा त्याच्या 'भूकंप' ॲपवर पाहा. धक्का जाणवला असेल तर तिथे आपलीही नोंद करा. जंगलातल्या दूरच्या गावांतून आलेली नोंद शास्त्रज्ञांना उपयोगी पडते.

४. अमुक दिवशी, अमुक वाजता भूकंप येणार, असे आज जगात कोणालाही सांगता येत नाही. असा संदेश आला की तो खोटा आहे असे लिहून तिथेच थांबवा.

५. विहार आणि समाजमंदिराचा स्लॅब, भिंतींच्या भेगा एखाद्या जाणकार अभियंत्याकडून तपासून घ्या. संकटात गाव तिथेच आश्रयाला येते.

६. नुकसान झाले तर त्याच दिवशी फोटो काढा, तलाठ्याकडे पंचनाम्याची लेखी मागणी करा आणि पोच घ्या. जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७, तातडीच्या मदतीसाठी ११२.

७. पुढच्या रविवारी विहारात वंदनेनंतर अर्धा तास या विषयाला द्या. मुलांना नकाशावर वैनगंगा, प्राणहिता आणि गोदावरी दाखवा, खचदरी समजावून सांगा. महापरिनिब्बान सुत्तातला आनंदाचा प्रश्नही सांगा. पृथ्वी का हलली, असे त्याने विचारले होते. मुलांनाही तसेच विचारू द्या.

जयभीम! नमो बुद्धाय!